पिवळपोट्यांचा डंपर

मित्रांनो, मी एक जुना डंपर आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या हौद्याचा पत्रा आता इतका पातळ झाला आहे की पावसाचे चार थेंब पडले तरी कोणी ताशा बडवतो आहे असे वाटते. माझा मूळ रंग नारिंगी होता, यावर माझ्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. पण एक गोष्ट मी छाती फुगवून सांगतो. जगात डंपर पुष्कळ झाले आणि पुढेही होतील. मात्र चिखलात मुद्दाम रुतायला, वेडेवाकडे फिरायला आणि चांगली सपाट जमीन खराब करायला ज्याला मानाने बोलावतात, असा डंपर तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने इंजिन बसवले, दुसऱ्याने चाके, तिसऱ्याने दिवे. शेवटी एक चष्मेवाले तपासनीस आले. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, आत डोकावून हॉर्न दाबला आणि स्वतःच दचकले. "आवाज जरा जास्तच आहे," ते म्हणाले, "पण असू दे. अंगाला शोभतो." हे मला मिळालेले पहिले प्रशस्तिपत्रक. ते ऐकून मी कारखान्याच्या दारातून बाहेर पडलो तो ताठ मानेनेच.

माझी नेमणूक झाली दगडाच्या खाणीत. एका टेकडीची एक बाजू कापून काढलेली होती. खाली मोठा सपाट तळ होता, तळाला पिवळसर चिकणमाती होती आणि दूरच्या टोकाला खडी फोडणारे यंत्र दिवसभर दात खात उभे असे. तळातले दगड हौद्यात भरून घ्यायचे आणि त्या यंत्राच्या तोंडात नेऊन ओतायचे, हे माझे काम. माझे चालक अंगाने बुटके होते. समोरचे दिसावे म्हणून ते बुडाखाली जाड उशी घेऊन बसत. खाणीत सगळे त्यांना मामा म्हणत. ते नक्की कोणाचे मामा होते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या बायकोला अर्थातच सगळे मामी म्हणत. मामी वाटेतल्या वजनकाट्यावर कामाला होत्या. माझी प्रत्येक खेप त्यांच्या खिडकीपुढून जायची आणि प्रत्येक खेपेला त्या मामांना काहीतरी ऐकवायच्याच.

"अहो, दगड कमी भरलेत आज. का उशीच जड झालीय?"

मामा उत्तर म्हणून नुसता गिअर टाकत. संसार कसा करावा, हे मी त्या दोघांकडून शिकलो.

आता पिवळपोट्यांची ओळख करून देतो, कारण माझी सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते. माझी चाके ओल्या मातीत रुतली की दोन खोल चाकोऱ्या पडत. पाऊस आला की त्यांत गुडघाभरही नाही, वीतभर पाणी साचे. एका सकाळी वळणावर मामांनी करकचून ब्रेक मारला. खाली उतरून ते चाकोरीशी उकिडवे बसले. पाण्यात अंगठ्याएवढा, मातीच्या रंगाचा एक बेडूक होता. मामांनी बोट पुढे केले मात्र, बेडकाने पाठीची कमान केली, हातपाय वर उचलले आणि तो चक्क उताणा झाला. पोट पिवळेधमक आणि त्यावर काळे ठिपके.

"अगं ए, लवकर ये इकडे!" मामा ओरडले. "मी याला हातसुद्धा लावला नाही गं, आणि हा मेला!"

मामी धावत आल्या. त्यांनी बेडकाकडे पाहिले, मग मामांकडे पाहिले. "मेला नाही हो, सोंग घेतलंय. घरी भांडी घासायची वेळ आली की तुम्ही असेच पडता."

खरेच, थोड्या वेळाने तो बेडूक सरळ झाला आणि काहीच घडले नाही अशा थाटात पाण्यात बुडाला. मित्रांनो, ती त्याची युक्ती होती. पिवळे पोट दाखवायचे आणि सांगायचे, बाबा रे, माझ्या अंगाला विष आहे, तोंडात घेशील तर पस्तावशील. त्या दिवसापासून खाणीत त्यांना पिवळपोटे हे नाव पडले. त्याच चाकोरीत काडीला चिकटलेली अंडी होती. ती पाहून मामींनी हुकूमच काढला, "पिल्लं बाहेर पडेपर्यंत या पाण्यातून चाक घालायचं नाही. बाजूनं न्या गाडी."

मामांनी गाडी बाजूने नेली. तिथे नवी चाकोरी पडली. पुढच्या पावसात त्या नव्या चाकोरीत अंडी दिसली, म्हणून मामा पुन्हा जुनीवरून जाऊ लागले. असे करता करता माझ्या सरळ वाटेचा पार गुंता झाला. मुकादम डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, रस्ता कुठला आणि शेत कुठलं, कळेना झालंय." पण मामींपुढे मुकादमांचेही काही चालत नसे. आम्हाला त्या बेडकांची दया येत होती, बस. यापलीकडे त्यात शास्त्र वगैरे काही नव्हते.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मी वाहिलेल्या दगडांवर पूल उभे राहिले, शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने उभे राहिले. कोणी पुलाच्या उद्घाटनाला मला बोलावले नाही, पण त्याचे मला वाईट वाटले नाही. पायाचा दगड दिसत नसतोच.

पुढे चांगला दगड संपला आणि खाण बंद झाली. खडीचे यंत्र उचलून नेले. वजनकाटा बंद झाला. माझ्या इंजिनाने तोपर्यंत कुरकुर सुरू केली होती, त्यामुळे मला कोणी नेले नाही. तळाच्या एका कोपऱ्यात मी उभा राहिलो तो राहिलोच. मामा आणि मामी खाणीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या लहानशा घरात राहत. मामा संध्याकाळी यायचे, माझ्या पायरीवर बसायचे आणि अंधार पडला की परत जायचे. पण वळणावर पिवळपोटे ओरडत असत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कोणी हळूच फुंकर मारावी, तसा त्यांचा आवाज. उं… उं… उं… तेवढी सोबत मला पुरत होती.

एके दिवशी त्या चाकोऱ्यांशी एक बाई पालथ्या पडलेल्या दिसल्या. मामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "बाई, चक्कर आली का?"

"शूऽऽ!" त्या बाई मान न उचलता म्हणाल्या. "मोजतेय."

त्या बेडकांच्या अभ्यासक होत्या. गळ्यात दोरीला बांधलेले भिंग, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल. मामींनी लगेच त्यांचे नाव बेडूकबाई ठेवले आणि त्यांनीही ते आनंदाने मान्य केले. त्या संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितले, ते ऐकून आम्ही तिघेही गार पडलो. हे बेडूक पूर्वी नदीकाठी राहायचे. मग नद्यांना भिंती घातल्या, दलदली बुजवल्या, ओढे नळांत कोंडले. "आता ते कुठेच सापडत नाहीत, मामा. मी वर्षभर फिरतेय. या भागात उरलेत ते फक्त तुमच्या खाणीत. इथून गेले की संपले."

"आमचे पिवळपोटे?" मामींनी गालावर हात ठेवला. "एवढे मोठे लोक आहेत, आम्हाला काय माहीत!"

मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला. "बाई, मी इतकी वर्षं इथून गाडी हाकली. किती चिरडले असतील हो माझ्या चाकाखाली?"

बेडूकबाई मान खाली घालून बुटांवरचा चिखल खरवडू लागल्या. मित्रांनो, ज्यांना मी सोबती समजत होतो, त्यांचा मी काळ होतो. एवढे दगड वाहिले, पण असे ओझे मी कधी उचलले नव्हते.

मग कामाला धडाक्याने सुरुवात झाली. सरकारच्या वरच्या कार्यालयातून परवानगी आली. खाणीला कुंपण पडले. दारात मोठी लोखंडी पाटी लागली, 'वाहनांना सक्त मनाई', आणि खाली चित्र. चित्र कोणाचे? हुबेहूब माझे! हौदा, दिवे, चाके, सगळे जसेच्या तसे, आणि त्यावर लालभडक फुली. ती पाटी नेमकी माझ्या तोंडासमोर होती. रोज सकाळी उठून स्वतःवर मारलेली फुली बघायची, म्हणजे काय वाटत असेल, विचार करा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणावे, तर माझी मलाच खात्री नव्हती की मी संन्यासी आहे.

"चाकांनी केलेल्या या जखमा आधी भरून काढू," बेडूकबाई म्हणाल्या आणि बुलडोझरने सगळ्या चाकोऱ्या सपाट केल्या. मधोमध एक गोल, खोल, सुंदर तळे खणले. काठाला दगड रचले. गवत पेरले, रोपे लावली. मामांनी खड्डे खणले, मामींनी पाणी घातले. बेडूकबाई तर तिथेच जेवत आणि तिथेच डुलकी काढत. त्या तिघांच्या मनात पिवळपोट्यांबद्दल माया सोडून दुसरे काही नव्हते, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या दिव्यांनी, पाहिले आहे.

खाण हिरवीगार झाली. तळ्यात कमळे आली, बदके आली, चतुर आले. कोणा उदार माणसाने त्यात मासेही आणून सोडले. पाहुणे येत आणि म्हणत, वा, काय कायापालट केलाय! फक्त ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच कमी होऊ लागले. पहिल्या वर्षी तळ्याच्या काठाने बरेच आवाज यायचे. दुसऱ्या वर्षी थोडे. नंतर नंतर तर संध्याकाळी एखादाच पिवळपोट्या उं म्हणे आणि कोणी ओ देते का, याची वाट बघत गप्प होई. मीही त्याच्याबरोबर कान देऊन वाट बघत असे.

बेडूकबाई वाळून काटकी झाल्या. भिंग गळ्यात नुसते लोंबकळायचे, कारण बघायला काही उरले नव्हते. "माझं काय चुकतंय, मामा?" त्या एकदा म्हणाल्या.

"मी तरी गाडी बाहेर काढली नाही बाई, तुमची शपथ," मामा म्हणाले.

तेव्हा बेडूकबाईंची नजर माझ्याकडे वळली. "ही गाडी. हिच्यातून तेल गळत असेल. जमिनीत मुरत असेल. हिला इथून हलवायला हवं."

"हिच्यातून?" मामी उसळून म्हणाल्या. "हिचं तेल संपूनसुद्धा जमाना झाला. गळायला आहे काय त्या बिचारीत?"

पण बुडत्याला काडीचा आधार. बेडूकबाईंनी भंगारवाल्याला निरोप धाडला. मामा त्या संध्याकाळी आले, माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लेका, नाइलाज आहे." मला वाईट वाटले, ते मरणाचे नाही. जाताना आपण कोणाचे बरे केले की वाईट, एवढे तरी कळायला हवे होते. माझ्यामुळे पिवळपोटे मरत असतील, तर मी गेलेलेच बरे, अशी मी मनाची समजूत घातली.

भंगारवाला आला तेव्हा पावसाने जमीन मऊ झालेली होती. त्याने सोबत आणलेल्या बुलडोझरला साखळी बांधली आणि तिचे दुसरे टोक माझ्या पुढच्या हुकात अडकवले.

"अहो, याचे ब्रेक हवेवर चालतात," मामा म्हणाले. "टाकीत हवा नाही, म्हणजे चाकं जाम आहेत. आधी ब्रेक सोडवा."

"फिरली नाहीत तर घसरतील," भंगारवाला म्हणाला. "मला आज अजून दोन ठिकाणी जायचंय."

आणि त्याने ओढले. मित्रांनो, मी घसरलो नाही, मी जमीन नांगरत निघालो. माझी चाके इंचभर फिरेनात. गवत उलटले, रोपे आडवी झाली, मागे दोन हे एवढे खोल चर पडत गेले. बेडूकबाई हात हलवत धावत आल्या, "थांबवा हो! अहो, माझी रोपं! थांबवा!" भंगारवाल्याने आणखी जोर केला. साखळी तटकन तुटली. मी तळ्याच्या जरा अलीकडे अर्धा रुतून उभा राहिलो आणि तेवढ्यात पुन्हा पाऊस कोसळू लागला.

"जमीन वाळली की येतो," असे म्हणून भंगारवाला पसार झाला. बेडूकबाई उद्ध्वस्त गवताकडे बघत भिजत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

पाऊस काही दिवस लागून राहिला. मग छान ऊन पडले आणि त्या उन्हात माझ्या मागच्या चाकाकडून आवाज आला. उं. मला वाटले, भास झाला. मग दुसरा आवाज आला. मग तिसऱ्याने त्याला उत्तर दिले. ओरडून सगळ्यांना बोलवावे, असे झाले होते, पण बॅटरीच मेलेली, हॉर्न वाजणार कुठून?

थोड्याच वेळात तिघे फावडी घेऊन आले. चर बुजवून जमीन पुन्हा सपाट करायची होती. मामांनी पहिले फावडे भरून उचलले आणि मामींनी ते वरच्या वर धरले.

"अहो, माती कुठं टाकताय? डोळे उघडून बघा तरी!"

चरातल्या पाण्यात, फावड्याच्या सावलीत, एक पिवळपोट्या पाठीची कमान करून उताणा पडला होता. ते झकास पिवळे पोट किती दिवसांनी दिसत होते! बेडूकबाईंनी फावडे भिरकावले आणि त्या होत्या तशा चिखलात पालथ्या पडल्या. मग गुडघ्यांवर रांगत चराच्या कडेने निघाल्या. "इथे एक. इथे जोडी आहे. मामी, इथे अंडी आहेत, अंडी!" अर्धा चर रांगून झाल्यावर त्या उठल्या, धावत तळ्यावर गेल्या, काठाने पूर्ण फेरी मारली आणि सावकाश परत आल्या.

"तळ्यात एकही नाही," त्या म्हणाल्या.

"मग इथं का आले?" मामांनी विचारले. "एवढं झकपक तळं सोडून चिखलात?"

बेडूकबाईंनी चरात हात घातला. "पाणी कोमट आहे. उथळ आहे म्हणून उन्हानं तापतं. पिल्लं भराभर वाढतील." मग त्यांनी भिंग डोळ्याला लावले. "मासे नाहीत. चतुराची पाण्यातली पिल्लं नाहीत, ती तर बेडकाची पिल्लं खातातच. गवत माजलेलं नाही. असणार कसं? हे डबकं चार दिवसांचं आहे. इथे अजून खाणारं कोणी पोचलेलंच नाही." त्यांनी तळ्याकडे बोट दाखवले. "आणि माझ्या तळ्यात सगळे आधीच पंगत मांडून बसलेत. पिल्लं आली की वाढून घेतात."

"मग नदीकाठी कसे राहायचे हे?" मामी म्हणाल्या.

"नदीला पूर यायचा. काठ खरवडून निघायचा. दर वर्षी नवी डबकी. जुनी बुजली तर नवी तयार." बेडूकबाईंनी भिंग खाली केले. "नदी बांधून टाकल्यावर ते काम इथे कोण करत होतं?"

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, खाणीत मला पुष्कळांनी पाहिले होते, पण असे कोणी कधी पाहिले नव्हते. पत्र्याला लाजता येत असते, तर मी तेव्हाच पुन्हा नारिंगी झालो असतो.

"आणि मी त्याच्यावरच फुली मारली," बेडूकबाई म्हणाल्या. "त्याच्या चाकोऱ्या मीच बुजवल्या. जखमा म्हणाले मी त्यांना."

"पण बाई, काही तरी चिरडले असतीलच ना?" मामांच्या मनातून ते जात नव्हते.

"असतील काही. पण एक चिरडला असेल, तर शंभर जगले असतील, मामा. आणि आता तेवढेही नको. पावसाआधी, जमीन नुसती ओलसर असताना, चाकोऱ्या पाडायच्या. एकदा अंडी दिसली की तिथे चाक बंद."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी म्हणाल्या आणि हसू लागल्या. बेडूकबाईही हसल्या. हसता हसता रडल्या, आणि चिखलाचा हात डोळ्यांना लावल्यामुळे आणखीच रडल्या. मला कसे वाटले म्हणता? इतकी वर्षे तळाशी अडकलेला दगड कोणीतरी हौदा उपडा करून काढून टाकला, असे वाटले.

पण सुटका इतक्या लवकर कुठली! जमीन वाळताच भंगारवाला नवी, जाड साखळी घेऊन हजर. ठरलेला माल न्यायचाच, असा त्याचा हट्ट.

"गाडी देता येणार नाही," बेडूकबाई माझ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या.

"मग मी काय हात हलवत जाऊ?"

"रिकामे कशाला जाता?" मामी म्हणाल्या. "ती पाटी न्या की. चांगलं जाडजूड लोखंड आहे. कुंपणाचे खांबही पुढेमागे देऊ."

अशा रीतीने माझ्याऐवजी माझे चित्र भंगारात गेले. भंगारवाल्याच्या गाडीच्या टपावर उताणी पडून ती फुली दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो.

वरच्या कार्यालयातले साहेब चौकशीला आले. पायात चकचकीत बूट, कपाळावर आठ्या. "बाई, गाड्या बंद करा म्हणून तुम्हीच आमच्या मागे लागला होतात ना? आणि आता बेडूक वाचवायला डंपर हवा म्हणता?"

"हो साहेब. तेव्हाही मीच म्हणाले आणि चुकलेही मीच. हे बघा."

साहेब चरावर वाकले. पिवळपोट्याने त्यांना पाहिले आणि आपले नेहमीचे सोंग घेतले. साहेब घाबरून मागे सरले. "अहो, हा मेला की काय?"

"नाही साहेब," मामी म्हणाल्या. "तुम्ही गेलात की उठेल."

साहेब बराच वेळ हसत राहिले. हसणाऱ्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. परवानगी मिळाली.

मग मिस्त्री आले. त्यांनी माझे ब्रेक सोडवले, सायलेन्सरमधले उंदरांचे बिऱ्हाड हलवले, कुरतडलेल्या तारा बदलल्या आणि तेलाचा एक थेंबही खाली पडू नये म्हणून सांध्यांतले सगळे वॉशर नवे घातले. पहिल्या चावीला मी खोकलो. दुसऱ्या चावीला इतका काळा धूर सोडला की बेडूकबाई दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या चावीला माझे इंजिन धडधडू लागले, आणि मामांनी डोळे पुसून उशी बुडाखाली घेतली. हौद्यात दगड भरले, म्हणजे चाके चांगली रुतावीत. मामी छत्री हलवत पुढे चालू लागल्या.

"इकडे वळवा! अहो, अजून वाकडं! अजून!"

"आयुष्यभर सरळ चालवा, सरळ चालवा म्हणून डोकं खाल्लंस," मामा खिडकीतून ओरडले.

"आता वाकडं चालवा म्हणतेय, तर त्यालाही तोंड आहेच!"

मी गवतात घुसलो, मातीत रुतलो, गोल फिरलो, मागे आलो, पुन्हा रुतलो. माणसे एकमेकांना चाकोरी सोडा म्हणून उपदेश करतात. मला मात्र शाबासकी मिळत होती ती चाकोऱ्या पाडल्याबद्दल. तळे आम्ही बदकांना देऊन टाकले. त्यांनी तरी कमळांत का सुखाने राहू नये?

पुढच्या पावसात वळणावर आवाज आले. त्याच्या पुढच्या वर्षी ते मामींच्या घरापर्यंत ऐकू जाऊ लागले. मामी तक्रार करतात की मामांचे घोरणे आणि पिवळपोट्यांचे ओरडणे यात आता फरक कळत नाही. दुसऱ्या खाणींतली माणसे चाकोऱ्या कशा पाडाव्या ते शिकायला येतात, आणि मामा त्यांना अशा ऐटीत शिकवतात की जणू विमान चालवायचे आहे. मी वर्षातून थोडेच दिवस चालतो. बाकीचे दिवस उभा राहून ऐकतो.

या वर्षीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. वळणावर फिरताना माझ्या पंख्याचा पट्टा तुटला. मिस्त्री नवा पट्टा आणेपर्यंत पावसाने घाई केली. माझ्या पुढच्या चाकासमोर पाणी साचले. मिस्त्रींनी पट्टा बसवला, इंजिन झकास सुरू झाले. साहेब त्या दिवशी पाहुणे घेऊन आले होते, सगळ्यांना मला चालताना पाहायचे होते. मामांनी गिअरला हात घातला आणि चाकापुढे पालथ्या पडलेल्या बेडूकबाईंनी हात वर केला.

"थांबा, मामा. अंडी आहेत."

मामांनी इंजिन बंद केले. "किती दिवस?"

"पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत."

मामा उतरले आणि त्यांनी मी हलू नये म्हणून माझ्या चाकांना दगड टेकवले. मला वाटले होते, पाहुणे कुरकुर करतील. पण साहेबांनी रुमाल अंथरला, त्यावर बसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "या, बसा. घाई कोणाला आहे?"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणाचे तरी भले करायला निघाल. जरूर निघा. फक्त त्याआधी त्याच्या दाराशी थोडे पालथे पडा आणि तो कसा जगतो ते नीट बघा. आपल्याला जे सुंदर दिसते, तेच त्याला हवे असते असे नाही. एखादे गढूळ डबके बुजवण्यापूर्वी, एखादी पडीक जागा साफ करण्यापूर्वी, तिथे कोणाचे घर आहे का, एवढे विचारा. आणि चूक झाली, तर बेडूकबाईंसारखे मोकळ्या मनाने म्हणा, चुकले. तेवढ्यानेही कितीतरी जीव वाचतात.

काल सकाळी चाकापुढच्या पाण्यातल्या एका पिल्लाला मागचे पाय फुटले. बेडूकबाईंनी ओरडून सगळ्यांना बोलावले. मामी भिंगातून बघून म्हणाल्या, "चला, आता पुढचे तेवढे राहिले." मी त्यांची वाट बघतो आहे. इंजिन ठणठणीत आहे, डिझेल भरलेले आहे आणि मला मुळीच घाई नाही.